वेबपत्त्याची शेवटची अक्षरे: .कॉम, .ऑर्ग, .इन, .गव्ह.इन यांवरून नेमके काय कळते?

ग्रंथमित्र (धागाकर्ता)

आमच्या तालुक्याच्या गावातील वाचनालयाचे संकेतस्थळ तयार करण्याचे कार्यकारी मंडळाने ठरवले आहे. काम करून देणाऱ्या व्यावसायिकाने पत्त्यासाठी .कॉम, .ऑर्ग आणि .ऑर्ग.इन असे तीन पर्याय पुढे ठेवले आहेत. मंडळातील एका सदस्यांचे म्हणणे असे की, .कॉम घेतले तर वाचनालय हा धंदा आहे असा लोकांचा समज होईल. दुसऱ्यांच्या मते .ऑर्गसाठी धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीचा दाखला द्यावा लागतो. तिसरे म्हणतात की, आपले ग्रंथालय 'ब' वर्गातील शासनमान्य असल्यामुळे आपल्याला थेट .गव्ह.इन मागता येईल. तिघेही आपापल्या मतावर ठाम आहेत आणि व्यावसायिक मात्र तिघांनाही मान डोलावतो.

ही अक्षरे कोण ठरवते, ती देताना कोणी काही तपासते का, आणि वाचकाने त्यांवरून कोणता निष्कर्ष काढावा, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. पत्ते मी येथे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्षात ते रोमन अक्षरांत टंकावे लागतात. प्रतिसाद देणाऱ्यांनीही तसेच करावे, म्हणजे चुकून कोणी दुव्यावर टिचकी मारणार नाही.

टिंबटिंब

ग्रंथमित्र, आपल्या तिन्ही सदस्यांना उत्तर देता येईल, परंतु त्याआधी पत्ता उजवीकडून डावीकडे वाचण्याची सवय लावून घ्यावी लागते. टपालाच्या पाकिटावर आपण घर, गल्ली, गाव, जिल्हा, राज्य असे लहानाकडून मोठ्याकडे जातो, तशीच या पत्त्याचीही रचना आहे. सर्वांत मोठा अधिकार शेवटी असतो आणि टपाल खाते ज्याप्रमाणे आधी शेवटची ओळ पाहते, त्याप्रमाणे संगणकही शोधाची सुरुवात शेवटच्या टिंबापासून करतो. मुंबई विद्यापीठाचा पत्ता एमयू.एसी.इन असा आहे. येथे '.इन' कोण सांभाळते एवढेच मूळ यंत्रणेला ठाऊक असते आणि पुढचा तपशील तिला .इनच्या व्यवस्थेकडून मिळतो. तेव्हा शेवटची अक्षरे पहिल्याने एवढेच सांगतात की, हे नाव कोणाच्या दप्तरी नोंदलेले आहे.

ही व्यवस्था होण्यापूर्वी जाळ्यावरील सर्व संगणकांची नावे एकाच यादीत असत आणि ती यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवलेली असे. संगणक वाढू लागल्यावर ती यादी सांभाळणे अवघड झाले, म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची विभागणी करणारी आजची पद्धत मांडली. ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांच्या टिपणात विभाग ठरले: व्यापारासाठी .कॉम, शिक्षणसंस्थांसाठी .एज्यु, सरकारसाठी .गव्ह, लष्करासाठी .मिल आणि इतरांसाठी .ऑर्ग. जाळ्याची यंत्रणा चालवणाऱ्यांसाठी .नेट पाठोपाठ आले, तर आंतरराष्ट्रीय करारांतून जन्मलेल्या संस्थांसाठी .इंट १९८८ मध्ये. जागतिक आरोग्य संघटना आजही तेच वापरते. .कॉममधील पहिली नोंदणी सिम्बॉलिक्स या अमेरिकी संगणक कंपनीने १५ मार्च १९८५ रोजी केली.

येथे 'सरकार' आणि 'लष्कर' म्हणजे अमेरिकेचे सरकार आणि अमेरिकेचे लष्कर, हे लक्षात ठेवावे. ज्यांनी जाळे बांधले त्यांनी देशाचे नाव न लावता आपल्यासाठी जागा घेतली आणि उरलेल्या जगाने मागाहून देशाची दोन अक्षरे लावून घेतली. टपाल तिकिटावर देशाचे नाव न छापण्याची मुभा ब्रिटनला मिळाली ती याच न्यायाने.

.ऑर्ग म्हणजे सेवाभावी संस्था, असा त्या विभागाचा मूळ अर्थच नाही. जे इतर कोठल्याही विभागात बसत नाहीत त्यांच्यासाठी ठेवलेली ती जागा होती. धर्मादाय आयुक्तांचा दाखला सोडाच, कोणताही कागद .ऑर्गसाठी मागितला जात नाही. .कॉम आणि .नेट यांचीही स्थिती तीच आहे. पैसे भरले आणि नाव मोकळे असले की ते मिळते.

स्वरूपा_क

टिंबटिंब यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडते. .ऑर्गला कायदेशीर अट नसली, तरी लोकमानसात त्याची एक प्रतिमा आहे आणि त्या प्रतिमेची किंमत किती, हे २०१९ मध्ये दिसून आले. .ऑर्गची नोंदणी चालवणारी पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री ही संस्था इथॉस कॅपिटल या खासगी गुंतवणूक कंपनीला ११३.५ कोटी डॉलरना विकण्याचा प्रस्ताव तिच्या पालकसंस्थेने, म्हणजे इंटरनेट सोसायटीने, मांडला होता. जगभरातील सेवाभावी संस्थांनी त्यास विरोध केला, कारण नोंदणीचे दर वाढले तर वर्षानुवर्षे वापरातला पत्ता सोडून जाणे त्यांना शक्य नव्हते. नावांच्या व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या आयकॅन या संस्थेने अखेर ३० एप्रिल २०२० रोजी विक्रीस संमती नाकारली. तेव्हा वाचनालयाने .ऑर्ग जरूर घ्यावे, मात्र ते प्रमाणपत्र म्हणून मिरवू नये.

टिंबटिंब

सहमत. आता भारताच्या .इनकडे येतो. दोन अक्षरी शेपूट, म्हणजे पत्त्याची शेवटची अक्षरे, असेल तर तो देश किंवा भूप्रदेश, आणि त्याची अक्षरे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या देशसंकेतांच्या यादीतून घेतलेली, असा नियम आहे. एखादा प्रदेश देश आहे की नाही या वादात पडायला नको, म्हणून पोस्टेल यांनी ही दुसऱ्याने केलेली यादी मुद्दाम स्वीकारली. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतील हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होय. (ब्रिटनचा अधिकृत संकेत जीबी असूनही तेथे .यूके चालते, पण ते नियमापूर्वीचे अपत्य आहे.)

.इन १९८९ साली भारताकडे आले आणि त्याची व्यवस्था मुंबईतील जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती. सुरुवातीची अनेक वर्षे नियम कडक होते. २००४ पर्यंत जेमतेम ७,००० नावे नोंदली गेली होती, आणि त्या काळातील भारतीय कंपन्यांच्या पाट्यांवर .कॉम इतके का दिसते, याचे एक कारण हे आहे. २००५ च्या जानेवारीपासून निक्सी या संस्थेच्या अखत्यारीत नोंदणी खुली झाली आणि को.इन, नेट.इन, ऑर्ग.इन, फर्म.इन, जेन.इन, इंड.इन हे विभाग कोणालाही मिळू लागले. फर्म.इन म्हणजे दुकाने व भागीदारी पेढ्या, इंड.इन म्हणजे व्यक्ती, असा हेतू होता; परंतु हेतू कागदावरच राहिला. फर्म.इन लावलेली पाटी आपण कोणी शेवटची कधी पाहिली, हे आठवून पाहावे.

याउलट काही विभाग राखीव आहेत. गव्ह.इन राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्रामार्फत केवळ शासकीय यंत्रणांना मिळते, मिल.इन सैन्यदलांसाठी आहे, तर एसी.इन, एज्यु.इन आणि रेस.इन हे शिक्षण व संशोधन संस्थांचे विभाग अर्नेट इंडिया ही संस्था कागदपत्रे पाहून देते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था रेस.इनवर आहे. ग्रंथमित्र यांच्या तिसऱ्या सदस्यांना सांगावे की, शासनाने मान्यता व अनुदान दिलेले वाचनालय हे शासनाचे कार्यालय होत नाही, त्यामुळे गव्ह.इनचा अर्ज करण्यात वेळ घालवू नये.

म्हणून शेपूट पाहताना मी स्वतःला एवढेच विचारतो: येथे दारावर कोणी उभे आहे का, आणि असल्यास तो आत सोडताना काय पाहतो? .कॉम, .ऑर्ग आणि साध्या .इनच्या दारात कोणी नाही. गव्ह.इनच्या दारात आहे.

इसारकाठी

आमच्याकडे म्युनिकला दरवर्षी पुण्या-मुंबईहून विद्यार्थी येतात आणि त्यांचे पालक प्रवेशपत्राची शहानिशा करताना हमखास विचारतात की, 'विद्यापीठाच्या पत्त्यात .एज्यु का नाही?' साधे .एज्यु २००१ पासून अमेरिकेतील मान्यताप्राप्त संस्थांनाच मिळते आणि एज्युकॉज ही संस्था ते देते. त्याआधी नोंदवलेली काही नावे मात्र तशीच चालू राहिली. ब्रिटनमध्ये एसी.यूके असा राखीव विभाग आहे, ऑस्ट्रेलियात एज्यु.एयू आहे. जर्मनीत मात्र असा विभागच नाही. म्युनिकचे तांत्रिक विद्यापीठ टीयूएम.डीई या पत्त्यावर आहे आणि कोपऱ्यावरचा पाववालाही .डीईवरच आहे. कॅनडातही टोरांटो विद्यापीठ साध्या .सीएवर चालते.

त्यामुळे टिंबटिंब यांची दाराची कसोटी देशागणिक बदलते, एवढे मला नोंदवावेसे वाटते. जर्मनीत पत्त्याच्या शेपटावरून विद्यापीठ खरे की खोटे हे ठरवताच येत नाही. त्यासाठी तेथील मान्यताप्राप्त संस्थांची अधिकृत यादी पाहावी लागते.

रोखठोक

माझा आक्षेप वेगळा आहे. 'सरकारी असेल तर गव्ह.इन असणारच' हा उलटा नियम लोक डोक्यात घेऊन बसतात आणि तो आपल्याच राज्यात टिकत नाही. महावितरणचे संकेतस्थळ महाडिस्कॉम.इन आहे. रेल्वेची तिकिटे ज्या सार्वजनिक उपक्रमाकडून काढतो, त्याचा पत्ता आयआरसीटीसी.को.इन आहे. आज पीएमसी.गव्ह.इनवर असलेल्या पुणे महापालिकेचा कारभार कित्येक वर्षे पुणेकॉर्पोरेशन.ऑर्ग या पत्त्यावरून चालत होता. गव्ह.इन असेल तर ती यंत्रणा शासकीय, हे खरे; परंतु गव्ह.इन नसेल तर ती खोटी, असे म्हणता येत नाही.

दुर्दैवाने फसवणूक करणारा नेमका याच फटीत शिरतो. 'आज रात्री आपला वीजपुरवठा खंडित होईल' या संदेशातील दुवा .इन असला काय आणि .कॉम असला काय, ग्राहकाला तो तितकाच खरा वाटतो, कारण खऱ्या कंपनीचाही पत्ता खुल्या विभागातलाच आहे. सार्वजनिक सेवांनी राखीव शेपूट वापरायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

टिंबटिंब

रोखठोक यांचा मुद्दा मान्य. त्याला लागूनच एक धोका सांगतो. पत्ता उजवीकडून वाचायचा तो (सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन तिरप्या रेषा सोडून) पहिल्या तिरप्या रेषेच्या आधीपर्यंतच. 'महाराष्ट्र.गव्ह.इन.अमुकतमुक.कॉम' असा पत्ता कोणीही तयार करू शकतो, कारण अमुकतमुक.कॉमच्या मालकाला डावीकडे हवे ते शब्द जोडण्याची मुभा असते. भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यावर अनेकदा पत्त्याचा डावा भागच दिसतो आणि उजवा कापला जातो, याचा हे लोक पुरेपूर फायदा घेतात. 'महाराष्ट्र-गव्ह-इन.कॉम' हा त्याचाच भाऊ. आडव्या रेषेला टिंबाचा अधिकार नसतो. पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्हही येथे उपयोगी पडत नाही. संभाषण मध्येच कोणी वाचत नाही, एवढेच ते सांगते. पलीकडे चोर बसला असला तरी कुलूप दिसतेच.

तिरप्या रेषेनंतर येणारे .एचटीएमएल, .पीएचपी, .पीडीएफ हे फाइलींचे प्रकार आहेत. त्यांचा नोंदणीशी काही संबंध नाही. हे दोन प्रकार आजवर वेगळे ओळखता येत असत, परंतु गूगलने २०२३ मध्ये .झिप या शेपटाची नोंदणी सर्वांसाठी खुली केली आणि फाइलीचे नाव व पत्ता यांत उगाच गोंधळ निर्माण करून ठेवला.

पतपेढीकर

मी एका नागरी सहकारी बँकेच्या संचालक मंडळावर असल्यामुळे बँकांपुरते लिहितो. रोखठोक यांनी सांगितलेली फट बुजवण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ७ फेब्रुवारी २०२५ च्या पतधोरणात बँक.इन या राखीव विभागाची घोषणा केली. त्यानंतर २२ एप्रिलच्या परिपत्रकाने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तेथे स्थलांतर करण्यास सांगितले. हे बंधन मोठ्या व्यापारी बँकांइतकेच नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती बँकांनाही होते, म्हणून महाराष्ट्रात त्याचा पसारा फार मोठा ठरला. नावे देण्याचा अधिकार हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे आहे. स्टेट बँक आता एसबीआय.बँक.इनवर आहे. अन्य वित्तसंस्थांसाठी फिन.इन असा विभाग आहे.

स्टेट बँकेचा प्रवास येथे सांगण्याजोगा आहे. आयकॅनने २०१२ मध्ये नव्या शेपटांसाठी अर्ज मागवले, तेव्हा प्रत्येक अर्जाचे शुल्क १,८५,००० डॉलर होते आणि तरीही १,९३० अर्ज आले. त्या फेरीत स्टेट बँकेने स्वतःचे .एसबीआय मिळवले आणि टाटांनी .टाटा मिळवले. मोरोक्कोत टाटा नावाचा प्रांत असल्यामुळे टाटांना त्या देशाची संमती घ्यावी लागली! स्वतःचे शेपूट म्हणजे दारही आपले आणि पहारेकरीही आपलाच, असा चोख बंदोबस्त होता. परंतु सामान्य खातेदाराला प्रत्येक बँकेचे वेगळे शेपूट लक्षात ठेवण्यापेक्षा सर्वांसाठी एकच असणे सोपे, असे मला वाटते.

एक सावधगिरी: बँक.इन आणि साधे .बँक हे दोन वेगळे विभाग आहेत. दुसरे जागतिक असून तेही तपासणी करूनच दिले जाते. मात्र 'बँक-इन.कॉम' हे यांपैकी काहीच नव्हे.

स्वरूपा_क

देशांच्या अक्षरांविषयी थोडे लिहायचे राहिले. आपल्यातील अनेकांना .एआय हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे आणि .टीव्ही हे दूरचित्रवाणीचे शेपूट वाटते. प्रत्यक्षात पहिले कॅरिबियन समुद्रातील अँग्विला या बेटाचे आणि दुसरे प्रशांत महासागरातील तुवालू या देशाचे आहे. अँग्विलाला २०२३ साली या दोन अक्षरांतून सुमारे ३.२ कोटी डॉलर मिळाले आणि ते तेथील सरकारी महसुलाच्या सुमारे एक पंचमांश होते. ज्या बेटाची लोकसंख्या आपल्या एखाद्या मोठ्या गावाएवढी आहे, त्याच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हे.

पण देशाची अक्षरे देशाच्या नशिबाशी बांधलेली असतात. युगोस्लाव्हियाचे .वाययू २०१० मध्ये कायमचे बंद झाले. पूर्व जर्मनीसाठी राखलेले .डीडी वापरात येण्यापूर्वीच तो देश संपला. सोव्हिएत संघाचे .एसयू मात्र १९९० मध्ये सुरू झाले आणि वर्षभराने संघ विसर्जित होऊनही चालू राहिले. सध्याचा प्रश्न संगणक कंपन्यांच्या लाडक्या .आयओचा आहे. ही अक्षरे ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाची, म्हणजे चागोस बेटांची, आणि त्या बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर ब्रिटनने मे २०२५ मध्ये सही केली. देशसंकेत यादीतून गेला तर शेपूट आवरण्यासाठी पाच वर्षे दिली जातात आणि ती मुदत जास्तीत जास्त दहापर्यंत वाढते, असा आयकॅनचा नियम आहे.

ग्रंथमित्र (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मंडळापुढे हे सर्व मांडणार आहे. दोन शंका राहिल्या. मराठी वाचनालयाला पूर्ण मराठी पत्ता, म्हणजे 'अमुकवाचनालय.भारत' असा, घेता येतो काय? आणि एकापेक्षा अधिक पत्ते घेतल्यास काही अडचण येते काय?

टिंबटिंब

घेता येतो. देवनागरीतील .भारत २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले आणि हिंदी, मराठी, कोंकणी, नेपाळी अशा देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या अनेक भाषांसाठी ते एकच आहे. आतली यंत्रणा मात्र रोमन अक्षरे, अंक आणि आडवी रेषाच ओळखते. म्हणून प्रत्येक देवनागरी नाव 'एक्सएन' ही दोन अक्षरे आणि दोन आडव्या रेषा यांनी सुरू होणाऱ्या एका सांकेतिक ओळीत रूपांतरित होते. ती ओळ काही ठिकाणी, विशेषतः दुवा नकलून चिकटवल्यावर, उघडी पडते आणि वाचक बिचकतो. देवनागरी पत्त्यावरची ईमेल अनेक अर्ज-नमुने स्वीकारत नाहीत, ही दुसरी अडचण. तेव्हा .भारत अवश्य घ्यावे, फलकावर अभिमानाने लिहावे, परंतु ते ऑर्ग.इनच्या जोडीला असावे. मूळ पत्ता एकच ठेवून बाकीचे त्याच्याकडे वळवावेत.

पतपेढीकर

पत्ते अधिक असण्यात अडचण नाही. घेतलेला पत्ता सोडून देण्यात आहे. नाव विकत मिळत नाही, ते ठरावीक वर्षांसाठी नोंदले जाते आणि मुदत वाढवली नाही तर काही काळाने पुन्हा बाजारात येते. आमच्या बँकेने बँक.इनवर गेल्यावर जुने .कॉम बंद करून वार्षिक शुल्क वाचवावे, असा प्रस्ताव आला होता, तो आम्ही फेटाळला. जुना पत्ता छापील पासबुकांवर, धनादेशांच्या वेष्टनांवर आणि ग्राहकांच्या भ्रमणध्वनीत साठवलेला होता. उद्या तो एखाद्या भामट्याने नोंदवला असता, तर आमच्याच खातेदारांना आम्ही त्याच्या दारात नेऊन सोडले असते.

वाचनालयाने नोंदणी व्यावसायिकाच्या नावावर न करता संस्थेच्या नावावर करावी, त्यासाठीचा ईमेल पत्ता एका पदाधिकाऱ्याचा वैयक्तिक नसून संस्थेचा असावा, आणि मुदतवाढीची तारीख ग्रंथालयाच्या वार्षिक अंदाजपत्रकात वीजबिलाच्या शेजारी लिहून ठेवावी. कार्यकारी मंडळ बदलले की सर्वांत आधी हीच तारीख विसरली जाते.